आवाज धरून ठेवावा का?

पेनसिल्व्हेनियातल्या एका निवृत्त रेडिओ इंजिनिअरच्या तळघरात प्रेस्टो कंपनीचं ६-एन हे मशीन पडून आहे आणि त्यांना ते विकायचं आहे. साडेतीन हजार डॉलर सांगतात. हे रेकॉर्ड वाजवायचं मशीन नाही, कोरायचं आहे. सोळा इंची टर्नटेबल, त्याच्या कडेला टेकून ते फिरवणारं रबरी चाक, वर आडवा लीड स्क्रू आणि त्यावरून सरकणारं कटिंग हेड. माझा हात लेथवर बसला तो कोल्हापूरच्या उद्यमनगरात. पुढे न्यू जर्सीत टूलरूममध्येच आयुष्य गेलं. त्यामुळे झाकण काढताच ओळख पटली. फिरणारा जॉब आणि सरकणारं टूल, सगळं तेच. फक्त इथे टूलला फीडबरोबर गाणाऱ्याच्या गळ्यातला कंपही मिळतो.

मशीन चालू होईल, त्याची मला काळजी नाही. चाकाचं रबर नवं चढवता येईल, बेअरिंगमधला प्ले काढता येईल. अडलंय ते दुसरीकडे. उमटून नाहीसं होणं हाच ज्याचा स्वभाव, तो आवाज धरून ठेवावासा वाटणं ही भक्ती म्हणायची की मोह?

आपल्याकडे या प्रश्नावर शतकानुशतकं वाद झाला आहे. नैयायिकांच्या मते शब्द अनित्य आहे. तो उत्पन्न होतो म्हणूनच नाश पावतो. एका क्षणी जन्म, दुसऱ्या क्षणी स्थिती, तिसऱ्या क्षणी अंत. आपल्या कानाशी पोचतो तो मूळ शब्द नव्हेच, पाण्यावरच्या तरंगातून तरंग उठावा तसा त्याच्यापासून निघालेला पुढचा कोणीतरी. मीमांसक म्हणतात, शब्द नित्य आहे. गळा, जीभ, वारा हे त्याला फक्त प्रकट करतात. पुरावा म्हणून ते आपल्या ओळखण्याकडे बोट दाखवतात. कोणीही उच्चारला तरी 'हा तोच ग' असं आपल्याला वाटतं, ते का?

कोल्हापूरच्या माणसाला हा वाद कळायला पोथी लागत नाही. शाहू महाराजांच्या दरबारात गायलेले अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले, आणि त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण मागे नाही. तो आवाज गेला तो गेलाच. इथे नैयायिक खरे ठरतात. पण त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर गायल्या, मोगूबाई कुर्डीकर गायल्या, मोगूबाईंकडून ते त्यांच्या मुलीकडे, किशोरीताईंकडे आलं, आणि जाणकार ऐकून म्हणतात की ही तीच गायकी. इथे मीमांसक खरे ठरतात. मशीन नसताना जे टिकायला हवं होतं ते टिकलं.

मग मशीन वाचवतं ते काय? गायकी नव्हे. वाचतो तो आवाजाचा पोत. एका माणसाचा श्वास, तार सप्तकात जाताना येणारा किंचित खर, शब्दाच्या शेवटी मिटणारे ओठ. मीमांसकाला हे गौण, नैयायिकाच्या लेखी ते संपलेलं. पण माणसं आपल्या माणसासाठी झुरतात ती नेमकी यासाठीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैनिक छोट्या तबकड्यांवर आपला आवाज कोरून घरी पाठवत. मजकूर साधाच असायचा, मी बरा आहे, तुम्ही कसे आहात. तो कागदावरही लिहिता आला असता.

आमच्याकडे या गोष्टीवर बरंच बोलणं झालं. बायको म्हणाली, "अहो, मावशींच्या ओव्या मी फोनवर घेतल्यात की. मग हे धूड कशाला?"

मी म्हटलं, "घेतल्यास, पण परत किती वेळा ऐकल्यास?"

"नाही ऐकल्या," ती म्हणाली. "पण मला एक सांगा, तुम्हाला मावशींचा आवाज हवाय की मशीन?"

या प्रश्नाने माझी झोप उडवली, कारण तो फार जुना आहे. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवर केलेलीच नाही. वस्तूपायी येणारी मूर्च्छा म्हणजे परिग्रह, असं उमास्वाती सांगतात. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात अपरिग्रहाचं कारण दिलंय ते असं की वस्तू मिळवणं, राखणं, ती झिजणं, तिच्यात जीव गुंतणं आणि तिच्यापायी होणारी हिंसा, यांतले दोष दिसले म्हणजे माणूस ती घेत नाही. मी हे दोष या मशीनला लावून पाहिले. मिळवणं आणि राखणं यांत काही लपलेलं नाही; पैसे जातील, जागा जाईल, वेळ जाईल. कोरायला कोऱ्या तबकड्या मिळवणंही सोपं राहिलेलं नाही. या तबकड्या म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर. तो बनवणारे जगात मुख्यतः दोनच कारखाने होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्स ६ फेब्रुवारी २०२० रोजी आगीत जळाला. दुसरा जपानात आहे. कोरताना निघणारा केसासारखा धागा ठिणगी लागली तर भपकन पेटतो, म्हणून तो पाण्याच्या बरणीत साठवायचा.

झिजण्यापाशी मात्र मी थांबलो. या मशीनचं मर्म तिथेच आहे.

लॅकर मऊ असतं. नीलमण्याच्या टोकाने त्यात खाच पडते आणि वाजवताना सुई त्याच खाचेतून जाते. प्रत्येक वेळी खाच थोडी झिजते, आणि आधी वरचे, बारीक स्वर जातात. म्हणजे ऐकणं हेच झिजवणं. इंचाला ११२ रेघा धरल्या तर सोळा इंची तबकडीच्या एका बाजूवर, ३३⅓ फेऱ्यांनी, साधारण पंधरा मिनिटं मावतात. त्या पंधरा मिनिटांत चूक पुसता येत नाही. गाणारा खोकला तर खोकलाही कोरला जातो. फोनवरच्या ओव्या झिजत नाहीत, म्हणून त्या आज ऐकल्या काय आणि पुढच्या वर्षी ऐकल्या काय, आपल्याला फरक पडत नाही. तबकडी काढताना मात्र मनात विचारावं लागतं, आज ऐकू का? एवढा एक प्रश्न ऐकणाऱ्याला ताठ बसवतो. आवाज धरून ठेवण्याचं हे साधन आवाजाच्या अनित्यतेला हरवत नाही, ती आपल्या हातात ठेवतं. मला ते पटतं.

याच्या अगदी उलट टोकाला केसरबाईंची भैरवी आहे. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यात त्यांची साडेतीन मिनिटांची 'जात कहां हो' आहे. त्या तबकडीचं मूळ लॅकर कोलोरॅडोतल्या बोल्डर इथे, अशाच पण कितीतरी प्रगत लेथवर कोरलं गेलं. मग त्यावरून तांब्याच्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकड्या झाल्या. व्हॉयेजर १ ने ५ सप्टेंबरला पृथ्वी सोडली आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. ज्यांच्या गुरूंचा आवाज कुठेच नाही, त्या शिष्येचा आवाज आता सूर्यमालेच्या वेशीपलीकडे आहे. तो झिजत नाही, कारण तिथे ऐकायला कोणी नाही. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो आणि तितकंच वाईटही वाटतं. माझ्या माणसांचा आवाज मला असा राखायचा नाही. तो घरात वाजावा आणि वाजून वाजून संपावा.

राहिलं जीव गुंतणं, म्हणजे संग. बायकोच्या प्रश्नाला मी स्वतःपुरती एक कसोटी लावली. उद्या कळलं की ते मशीन दुसऱ्याने नेलं, तर मला कसं वाटेल? नेणारा त्यावर रोज कोरणार असेल तर खरोखर बरं वाटेल. कुठल्या हॉटेलात शोभेला ठेवलं तर जिवाला लागेल. म्हणजे ओढ आहे ती त्याच्या कामाची. मूर्च्छा अजिबात नाही, असा दावा मी करत नाही. पण जेवढी आहे तेवढी कामाने उतरेल असं मला वाटतं.

म्हणून मशीन घ्यायचं ठरवलं. अटी बायकोसमोर बोललो आहे. कोरलेली एकही तबकडी आमच्या कपाटात राहणार नाही, जिचा आवाज तिच्या घरी ती जाईल. पहिली तबकडी मावशींची. आणि कोणी तरुण मुलगा-मुलगी शिकायला आली तर माझे हात थकायच्या आत मशीन त्यांच्याकडे जाईल.

वाचकांना एक विनंती. तुमच्या घरात जुन्या रेकॉर्डच्या गठ्ठ्यात हाताने लिहिलेल्या लेबलाची, मधल्या भोकाजवळ आणखी एखादं भोक असलेली, कडेला धातू किंवा काच दिसणारी तबकडी असेल, तर ती बहुधा अशीच थेट कोरलेली, लॅकरची असेल, आणि तिची दुसरी प्रत जगात नसेल. ती पोलादी सुईच्या ग्रामोफोनवर चुकूनही लावू नका. वर पांढरी भुकटी दिसली तर लॅकर बिघडायला लागलं आहे असं समजा. अशी तबकडी उभी ठेवा, उष्णतेपासून लांब ठेवा, आणि लवकरात लवकर जाणकाराकडून हलक्या सुईने एकदा वाजवून उतरवून घ्या. त्या वेळी घरातल्या सगळ्यांना बोलावून बसवा.