वाटाड्याचे ऋण

प्रवासाचे पैसे चुकते केले म्हणजे प्रवासाचे ऋण फिटते काय? व्यवहाराच्या भाषेत या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. मोबदला ठरला, तो दिला, पावती घेतली, संबंध संपला. परंतु ज्या प्रवासात आपला जीव, आपले डोळे आणि आपली जीभसुद्धा एका परक्या माणसाच्या स्वाधीन असते, त्या प्रवासाला हे उत्तर पुरे पडते काय, याचा थोडा विचार करावयास हवा.

उदाहरणादाखल मोरोक्कोची सफर घ्या. आज जगभरातील कुटुंबे आठ-दहा दिवसांसाठी तेथे स्वतंत्र मोटार आणि स्वतंत्र चालक ठरवून प्रवास करतात. मराकेशहून निघालेली गाडी सुमारे २,२६० मीटर उंचीवरील तिझी-न-तिश्का खिंड ओलांडते आणि अ‍ॅटलास पर्वताच्या पलीकडे उतरते. तेथे ऐत बेनहद्दू ही मातीच्या उंच घरांची तटबंद वस्ती आहे. १९८७ पासून तिची गणना जागतिक वारशात होते. पुढे दादेस आणि तोद्रा नद्यांच्या खोल घळी, खजुरीची बने आणि अखेरीस मेर्झूगा गावापाशी सहाराच्या वाळूच्या टेकड्या. परतीच्या वाटेवर झीझ नदीचे खोरे, देवदाराची अरण्ये आणि मग फेझ हे पुरातन नगर. त्याच्या जुन्या भागात मोटार शिरत नाही. ओझी गाढवांवरून व खेचरांवरून वाहिली जातात आणि ‘बालाक!’ अशी आरोळी आली की भिंतीला चिकटून वाट द्यावी लागते.

या साऱ्या वाटेवर प्रवाशाला स्वतःचे असे काय येते? घाटातील वळण त्याला ठाऊक नाही. अरबी त्याला येत नाही, डोंगरातील अमाझिग लोकांची भाषा तर नाहीच. कोणत्या दारी थांबावे, कोठे छायाचित्र घेऊ नये, हेही त्याला दुसऱ्यानेच सांगावे लागते. पैसे त्याचे असतात, वाट मात्र वाटाड्याची असते.

भाड्याने घेतलेल्या वाटाड्याची एक फार जुनी कथा आपल्या पवित्र ग्रंथात आहे. जुन्या करारातील तोबीताच्या पुस्तकात निनवे नगरातील अंध, वृद्ध तोबीत आपल्या मुलाला दूर मेदिया देशात ठेवलेली ठेव आणावयास पाठवतो. मुलगा तोबिया याला वाट माहीत नसते. म्हणून सोबतीला एक माणूस शोधला जातो. तोबीत त्याचे कूळ विचारतो, दिवसाला एक द्राख्मा वेतन ठरवतो, वर खर्च देण्याचे कबूल करतो आणि मुलगा सुखरूप परतला तर आणखीही देईन असे सांगतो. एखाद्या सावध गृहस्थाने करावा तसाच हा करार आहे. हाच तोबीत आपल्या मुलाला अगोदर बजावतो की, मजुराचे वेतन रात्रभर आपल्यापाशी ठेवू नये. म्हणजे वेतन ही गोष्ट या कथेत हलकी मानलेली नाही. न्यायाचा पाया वेतनच आहे. जो ठरलेले वेतन बुडवतो किंवा घासाघीस करून ते पोटापुरतेही उरू देत नाही, त्याने कृतज्ञतेच्या गोष्टी बोलू नयेत.

परंतु कथा वेतनापाशी थांबत नाही. मुलगा ठेव घेऊन, पत्नी घेऊन आणि पित्याच्या अंधत्वावरचे औषध घेऊन परत येतो. हिशेबाच्या वेळी त्याच्या लक्षात येते की, ठरलेल्या रकमेत हे काहीच बसत नाही. आणलेल्या सर्वस्वाचा अर्धा भाग द्यावा असे तो म्हणतो, आणि पिताही त्यास रुकार देतो. तेव्हा तो सोबती आपली ओळख सांगतो: तो महादूत राफाएल असतो. तो पैसे घेत नाही, देवाचे आभार मानावयास सांगतो.

येथे एक सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो: वाटाड्या कदाचित देवदूत असेल, म्हणून त्याच्याशी नीट वागावे. पण बाप-लेकाला तो देवदूत असल्याचे ठाऊक नव्हते. एका मजुराला त्यांनी अर्धे देऊ केले, हे महत्त्वाचे. आणि ज्याच्यात देवदूताचे काहीच दिसत नाही, त्याचे काय?

या प्रश्नासाठी पुन्हा मोरोक्कोकडेच वळावे लागते. १८८३ च्या जूनमध्ये शार्ल द फुको हा पंचविशीतला फ्रेंच तरुण टँजियर बंदरातून देशाच्या अंतर्भागात निघाला. सैन्यातील अधिकारपद त्याने सोडले होते. ख्रिस्ती माणसाला तेथील मोठ्या प्रदेशात उघडपणे हिंडणे शक्य नव्हते, म्हणून त्याने ज्यू धर्मगुरूचा वेश घेतला. सोबतीला होता मर्दखय अबी सेरूर हा ज्यू धर्मगुरू, मूळचा दक्षिण मोरोक्कोचा, टिंबक्टूपर्यंत व्यापार करून आलेला आणि पुढे दारिद्र्यात सापडलेला. जवळजवळ अकरा महिने दोघे हिंडले. तळहातात मावेल एवढ्या वहीत फुको लपूनछपून टिपणे घेत असे.

त्या काळी एखाद्या टोळीच्या मुलखातून जावयाचे तर तिच्यातील एखाद्या माणसाला ठरावीक रक्कम देऊन त्याचे संरक्षण घ्यावे लागे. अशा रक्षकाला झेत्तात म्हणत. पैसे घेताच तो प्रवासी त्याच्या अब्रूचा विषय होई. प्रवाशाला धक्का लागला तर तो त्याचा स्वतःचा अपमान ठरे. काहींनी विश्वासघात केला, हेही खरे. पण रक्कम तुटपुंजी आणि पत्करलेला धोका प्राणांचा, हे प्रमाण पाहिले म्हणजे पैशाने नेमके काय विकत घेतले होते असा प्रश्न पडतो. पैशाने सोबतीची सुरुवात विकत मिळत होती. पुढचे सारे त्या माणसाच्या शब्दावर अवलंबून होते, आणि शब्दाला दर नसतो.

मर्दखय हा काही राफाएल नव्हता. तो कुरकुर करी, पुढे जावयास कचरे. फुकोने त्याच्याविषयी नाराजीने लिहिले आहे. असे असूनही त्याच्यावाचून तो प्रवास झाला नसता. त्याचा धर्म, त्याची भाषा, त्याच्या समाजाची उघडी दारे यांच्या आडोशाने फुको जिवंत राहिला. १८८५ मध्ये पॅरिसच्या भूगोल-संस्थेने सुवर्णपदक दिले, ते एकट्या फुकोला. वाटाड्या सद्गुणी निघाला तरच ऋण, असे मानले तर मर्दखयचे काहीच देणे लागत नाही. परंतु ऋण हे उपकारातून उत्पन्न होते, उपकार करणाऱ्याच्या स्वभावातून नव्हे.

हीच कसोटी आजच्या सफरीलाही लावता येते. चालक प्रवाशाला गालिच्यांच्या दुकानात नेतो आणि विक्रीतला वाटा घेतो, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. लपवून घेतलेला वाटा हा दोषच होय. तथापि कमीत कमी दरात सफर मिळावी म्हणून अडून बसणाऱ्याने त्या माणसाचे पोट कशावर चालावे याचा विचार केलेला असतो काय? एकाच्या लपवाछपवीत दुसऱ्याच्या काटकसरीचाही हात असू शकतो.

फेझच्या शुआरा चर्मकुंडांकडे पाहताना हा प्रश्न अधिक टोचतो. पर्यटक दुकानांच्या सज्जांत उभे राहतात. दुर्गंधी सोसवत नाही म्हणून त्यांच्या हाती पुदिन्याची डहाळी दिली जाते. खाली माणसे चुनखडी, कबुतरांची विष्ठा आणि रंग यांच्या कुंडांत उतरून कातडी तुडवत असतात. डहाळी देणाऱ्याच्या आतिथ्यात काही वावगे नाही. वावगे तेव्हा घडते, जेव्हा खालची माणसे आपल्याला केवळ रंगांचे ठिपके वाटू लागतात. ज्या पर्वताची आपण शोभा पाहतो, त्याच अ‍ॅटलासमध्ये ८ सप्टेंबर २०२३ च्या रात्री भूकंपाने जवळजवळ तीन हजार माणसे मारली. पर्यटक मराकेशला लवकर परतले. डोंगरातील कित्येक कुटुंबांनी पुढचा हिवाळा तंबूत काढला. पैसे दिले की देश आपल्यापुढे देखाव्यासारखा मांडला जावा, अशी अपेक्षा एकदा मनात रुजली की माणसे देखाव्याचाच भाग होतात आणि प्रवासी कोणालाही न भेटता घरी येतो.

फुकोच्या आयुष्याने पुढे वेगळे वळण घेतले. मुस्लिम लोकांची प्रार्थना पाहून त्याच्या विझलेल्या श्रद्धेत प्रश्न जागे झाले होते. तो ख्रिस्ताकडे परतला, धर्मगुरू झाला आणि अल्जीरियातील सहारामध्ये तमनरासेत येथे तुआरेग लोकांत राहू लागला. १९०८ च्या प्रारंभी, दुष्काळाच्या दिवसांत, तो मरणोन्मुख आजारी पडला. देणारा म्हणून आलेल्या या माणसापाशी आता देण्यासारखे काही उरले नव्हते. तेव्हा शेजाऱ्यांनी दूरदूरून थोडे थोडे शेळीचे दूध गोळा करून आणले आणि त्याला जगवले. त्या दुधाला ना करार होता ना पावती. पूर्वी वेश पालटून ज्या वाळवंटातून तो टिपणे घेत गेला, त्याच वाळवंटाने त्याला घेणारा व्हावयास शिकवले. १ डिसेंबर १९१६ रोजी तो तेथेच मारला गेला. १५ मे २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. त्याच सोहळ्यात आपल्या देशाचे देवसहायम हेही संत घोषित झाले.

वाचकहो, वेतन चोख द्यावे, उशीर न करता द्यावे. तो न्याय आहे. त्यापलीकडचे ऋण पैशाच्या भाषेत फिटत नाही, ते मान्य करावे लागते. चालकाचे नाव विचारणे, त्याला वेगळ्या मेजावर न बसवणे, त्याच्या गावाची हकिकत ऐकणे, आणि परतल्यावर ‘आम्ही पाहिले’ असे सांगताना कोणाच्या डोळ्यांनी पाहिले तेही सांगणे, ही त्या मान्यतेची साधी रूपे आहेत. ज्यांच्या घरची माणसे बोटीवर किंवा आखातात परक्यांची सेवा करीत आली, त्या आपल्या गोव्या-वसईच्या कुटुंबांना हे अधिक समजावे. पगार वेळेवर आला का, एवढेच आपण त्यांच्या पत्रांत शोधत नव्हतो. तेथे त्यांना कोणी माणूस म्हणून ओळखते का, हेही शोधत होतो. आपल्यासाठी गाडी चालवणाऱ्याच्या घरीही तसेच कोणी वाट पाहत असते.