शिवलेली होडी

‘भात वाहणाऱ्या होडीत एसी बसवला, म्हणजे वारसा संपलाच की!’ केरळातल्या अलेप्पीहून परतलेल्या एका मित्राचं हे वाक्य मला सोडत नाही. तिथल्या हाउसबोटी, संथ पाणी, नारळाच्या रांगा मराठी पर्यटकाला आता पाठ आहेत. मला बोलायचंय ते बोटीच्या बुडाबद्दल.

या हाउसबोटी ज्या होडीतून आल्या, ती केट्टुवल्लम मूळची मालवाहू होडी. कुट्टनाडचं भात, नारळ, मसाले घेऊन ती वेंबनाड सरोवरातून कोचीच्या बाजाराला जाई. मोठ्या होडीत वीस-तीस टन माल मावे. नावाडी लांब बांबू तळाला रोवून ती रेटत, वारा मिळाला की शीड उभारत. फणसाच्या जातीतल्या अंजिलीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नसत, काथ्याच्या दोरीनं एकमेकींना शिवलेल्या असत. वर काजूच्या टरफलांच्या काळ्या तेलाचा थर. पुढे रस्ते झाले, पूल झाले, ट्रक आले आणि माल त्यांच्याकडे गेला. १९९०च्या दशकात रिकाम्या होड्यांवर खोल्या चढल्या.

मित्राला वाटतं, त्या संग्रहालयात ठेवायला हव्या होत्या. पण वस्तू जपणं वेगळं आणि हात जपणं वेगळं. काथ्या पाण्यात कुजतो. दोरी बदलावी लागते, होडी पुन्हा शिवावी लागते. संग्रहालयातली होडी कोणी पुन्हा शिवायला घेत नाही. ती टिकते आणि शिवणारा बेकार होतो.

हात का जपायचे, याचं एक उदाहरण सांगतो. अजिंठ्याच्या एका भित्तिचित्रात पाचव्या शतकातलं जहाज आहे. त्यावरून भारतीय नौदलासाठी ‘कौंडिण्य’ हे शिवलेलं जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. चित्र आपलं, बांधणी गोव्यातली. फळ्या शिवायला मात्र केरळचे कारागीर लागले. दीड हजार वर्षं टिकलेल्या चित्राला जहाजाचा आकार सांगता आला, टाका कसा घालायचा ते सांगता आलं नाही. ते शिवणाऱ्यांच्या बोटांत होतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पाण्यात चालत्या होडीला शिवणारा लागतोच, म्हणून हाउसबोटीची बाजू घ्यायची, असं मी ठरवलं होतं. पण हात जपले म्हणताना कोणते हात, हेही सांगायला हवं. बांबू रेटणारे आणि शीड सांभाळणारे हात इंजिनानं घालवलेच. आज वेंबनाडवर फिरणाऱ्या बहुतेक बोटींनी भाताचं एक पोतंही वाहिलेलं नाही. त्या पर्यटकांसाठीच बांधल्या. शिवून बांधल्या असतील, तर माझी काहीच तक्रार नाही. पण काहींचं बूड पोलादाचं आहे आणि वर चटईचं छप्पर घालून जुनेपणा आणलाय. जुन्या होडीचं ओझं तळाशी असे. आता दोन-दोन मजले डोक्यावर चढवतात. डिझेलचा तवंग आणि सांडपाणी हा तर याहून गंभीर प्रश्न.

तेव्हा हाउसबोट झाली एवढ्यानं होडी वाचली, असं मी आता म्हणणार नाही. आणि एसी लावला म्हणून ती बुडाली, हे मित्राचं म्हणणंही मला मान्य नाही. शिवलेल्या बुडावरचा एसी मला चालेल, पोलादी बुडावरची चटई नको.

अलेप्पीला जाणार असाल, तर बोट ठरवण्याआधी विचारा: तळ शिवलेला आहे का? शेवटचं शिवणकाम कधी झालं, कोणी केलं? नीट उत्तर मिळालं नाही, तर दुसरी बोट बघा.