तोटा कबूल करण्याचे धैर्य



शंभर रुपयांना घेतलेला शेअर साठवर आला की आपण म्हणतो, ‘थांबू या, शंभर झाले की विकू.’ तोच एकशेवीसवर गेला तर मात्र घाईने विकून मोकळे होतो. असे का व्हावे?

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले की मिळकतीच्या आनंदापेक्षा नुकसानीचे दुःख आपल्याला अधिक बोचते. पुढच्या अभ्यासात हे दुःख सुमारे दुप्पट असल्याचे आढळले. कानेमन यांना २००२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. टेरन्स ओडीन या अभ्यासकाने अमेरिकेतील दहा हजार गुंतवणूक खाती तपासली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखानुसार लोक नफ्यातले शेअर विकत होते आणि तोट्यातले उराशी धरून बसत होते. विकलेल्या शेअरांनी मात्र पुढच्या वर्षभरात ठेवलेल्यांपेक्षा सरासरीने जास्त फायदा दिला.

आपण शेअर कितीला घेतला, याच्याशी बाजाराला काही देणेघेणे नसते. ती किंमत फक्त आपल्या मनात अडकून बसते. विकला तर ‘माझे चुकले’ असे म्हणावे लागेल, आणि तेच आपल्याला जड जाते.

मग निर्णय चुकणे हा दोष आहे का? नाही. माणसाचे मनच तसे आहे. परंतु पुढे काय होते ते पाहू या. आपण तोटा घरात सांगत नाही. तो भरून काढण्यासाठी आणखी पैसे घालतो, प्रसंगी कर्जही काढतो. त्या पैशात पत्नीची बचत असते, मुलांची फी असते, आईच्या औषधपाण्याची तजवीज असते. ज्यांचा पैसा, त्यांनाच आपण अंधारात ठेवतो. चूक येथे अन्याय बनते.

म्हणून स्वतःला एक साधा प्रश्न विचारू या : आज हातात रोख रक्कम असती, तर हाच शेअर आपण आज विकत घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर तो कशासाठी धरून ठेवला आहे? आणि हा प्रश्न एकट्याने नको, घरच्यांसोबत बसून विचारू या. पहिला अर्धा तास कठीण जाईल. पण चूक कबूल केल्यावर माणूस किती हलका होतो, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.