दोन पंगती

संशोधनासाठी निम्म्यांस उपाय द्यावा व निम्म्यांस देऊ नये, हे धर्म्य काय? मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली आरंभिलेल्या अभ्यासात झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रिया होत्या. निम्म्यांच्या गर्भाशयमुखास शिरक्यातील आम्ल लावून तपासणी होई. करणाऱ्या सेविका अवघ्या दहावी शिकलेल्या! उरलेल्यांस केवळ रोगाची माहिती मिळाली. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तपासलेल्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एका पंगतीस वाढावे व दुसरीस पक्वान्नांचे वर्णन ऐकवावे, असेच हे झाले. तपासणी एरवी कोणासच मिळत नव्हती, तेव्हा हिरावले काहीच नाही, असा यावर युक्तिवाद होतो. तुलनेवाचून खात्री पटत नाही, हेही आम्ही मानतो. परंतु गुण येण्याचा संभव दिसत असता इतकी वर्षे थांबणे आमच्या मनास रुचत नाही.

ते ज्ञान आता आपल्या हाती आहे. पेडणे-डिचोलीच्या देवळांत हळदीकुंकवास स्त्रिया जमतात. तेथे एखाद्या परिचारिकेस बोलवावे. त्या समारंभास विधवा भगिनींना आमंत्रण नसते. या वेळी ते द्यावे लागेल.