मैदानावरचे फोटो



गेल्या प्रजासत्ताकदिनी आम्ही महागाव तालुक्यातील फुलसावंगीला होतो. झेंडावंदनानंतर शाळेच्या मैदानावर लहानग्यांच्या शर्यती लागल्या. लिंबू-चमचा, लंगडी, पोत्यांची शर्यत. फक्कीच्या रेषेपलीकडे प्रत्येक हातात मोबाईल. त्यांत एक आमचाही.

धावत्या मुलाचा फोटो घेणे सोपे नसते. सेकंदाच्या पाचशेव्या भागात तो टिपला गेला नाही तर हातपाय पुसट येतात. उभ्याने घेतला तर नुसती डोकी दिसतात. म्हणून मुलाच्या डोळ्यांइतके खाली बसावे लागते. आम्ही तसे बसलो. पोत्यात पाय अडकून एक चिमुरडी तोंडघशी पडली आणि फोटो अगदी स्वच्छ आला! सगळे हसले, आम्हीही हसलो. संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सॲपवर गावभर झाला होता.

यात वाईट ते काय, असे कोणी म्हणेल. आई-वडिलांना विचारले की झाले, असेही म्हणेल. पण पडणे त्या मुलीचे होते. ते वाटून टाकण्याचा हक्क आई-वडिलांना तरी पूर्ण असतो का? १९८९ च्या बालहक्क करारात खेळण्याचा हक्क आहे, तसाच खाजगीपणाचाही आहे. १९९२ साली आपल्या देशाने तो करार स्वीकारला. खेळात हरण्याची मोकळीक असते, म्हणून तर तो खेळ. ती हार कायमची साठवून ठेवली की मूल पुढच्या वेळी धावताना आधी कॅमेऱ्याकडे पाहते. असे पाहणारी मुले आम्ही त्याच मैदानावर पाहिली.

मग मोबाईल घरीच ठेवावेत काय? तसेही म्हणवत नाही. त्या दिवशी कितीतरी आया कापूस वेचायला गेल्या होत्या. रोज बुडवून शर्यत पाहायला येणे त्यांना परवडत नाही. त्यांच्यासाठी फोटो म्हणजे मैदानाच्या कडेची जागा. ती आपण कोणत्या तोंडाने नाकारणार?

प्रभू येशूनेही एका बालकाला सर्वांमध्ये उभे केले होते. पण शिष्यांशी बोलण्याआधी त्याने त्याला कवेत घेतले (मार्क ९:३६). हा क्रम आम्ही इतकी वर्षे वाचत आलो, पण तिकडे कधी लक्ष गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीची आई भेटली. ‘दादा, पोरीचा फोटो हाय काय?’ आमच्याकडे तेवढा एकच होता. आम्ही तो दाखवला. ती हसली नाही. बराच वेळ पाहत राहिली.

‘जास्त लागलं काय तिले?’

आम्हाला सांगता आले नाही. तिला उचलले कोणी, हेही आम्ही पाहिले नव्हते.