अडीच तास

आमच्या विहिरीला मालक दोन. सातबाऱ्यावर सामायिक म्हणून नोंद आहे, निम्मा हिस्सा आमचा, निम्मा नानाचा. तीन दिवस आमची पाळी, तीन दिवस नानाची आणि सातव्या दिवशी विहिरीला विसावा. हा कायदा आमच्या बापांनी घातला. कागदावर कुठं लिहिलेला नाही, पण पन्नास वर्षं चालला.

नाना माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. सगळा गाव त्याला नाना म्हणतो म्हणून मीही म्हणतो. तो मला मास्तर म्हणतो. मी कुठल्याच शाळेत शिकवलेलं नाही. १९७५ ला नव्या दहावीची पहिली परीक्षा झाली, तिला मी बसलो आणि पास झालो, एवढाच माझा गुन्हा. नानानं चौथीतच पाटी ठेवली.

आमची दोस्ती खरं तर बैलांनी जुळवली. आमचा सांगोला तालुका म्हणजे खिलार जनावराचं माहेर. पण बहात्तरच्या दुष्काळात दावणी मोकळ्या झाल्या. आमची आई आणि नानाची आई पाझर तलावाच्या कामावर एका ओळीत बसून खडी फोडायच्या. आम्ही पोरं सुकडीसाठी रांगेत. त्र्याहत्तरला पाऊस पडला तेव्हा आमच्या दावणीला एक बैल उरला होता आणि नानाच्या दावणीला एक. एका बैलानं नांगर ओढत नाही. मग दोघा बापांनी वारंगुळा केला. दोन बैल मिळून एक जोडी, आज तुझं रान, उद्या माझं. नव्या पोरांना हा शब्द ठाऊक नाही, ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला की काम होतं. पण वारंगुळ्यात एक गोष्ट असते, ती सांगतो. तुमचा बैल दुसऱ्याच्या रानात दिवसभर राबतो आणि त्याला पाणी दाखवलं का, चाबूक किती ओढला, हे बघायला तुम्ही तिथं नसता. बापांना तो भरवसा होता. पुढच्याच साली त्यांनी सुरुंग लावून, यारीवर दगड ओढून दोघांत ही विहीर पाडली. बैल गेले, विहीर राहिली. बाप गेले, आम्ही दोघं राहिलो.

आता जे सांगायचंय ते सांगतो. सोपं नाही.

२००३ साल. आमच्या भागाला तो दुष्काळ बहात्तरपेक्षा वाईट गेला. बहात्तरला खायला नव्हतं, त्या साली प्यायला नव्हतं. लोकांनी डाळिंबाला टँकरनं पाणी घातलं, दागिने मोडून घातलं. आमच्या विहिरीत दिवसभरात झिरपून साठायचं ते फक्त अडीच तासांचं पाणी. त्यानंतर मोटर हवा घ्यायची. नाना त्या वेळी जनावरं घेऊन छावणीवर होता. त्याची चार आणि माझ्या दोन गाया. मला बागेपासून हलता येत नव्हतं म्हणून तोच म्हणाला होता, ‘तू हितं झाडं बघ मास्तर, जनावरं मी बघतो.’

पाळी नानाची होती. त्याच्या बागेला पाणी देणार होती वहिनी आणि त्यांचा बारका पोरगा. लाईट रात्री यायची. मला झोप नव्हती. माझी झाडं पान गुंडाळायला लागली होती. डोक्यावर सोसायटीचं कर्ज होतं, थोरला सोलापूरला वसतिगृहात होता. मी उठलो, विहिरीवर गेलो, व्हॉल्व्ह आमच्या बाजूला फिरवला आणि मोटर चालू केली. साडेअकरा वाजले होते. दोन वाजता मोटरीनं हवा घेतली तेव्हा बंद केली आणि घरी येऊन झोपलो. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मला झोप चांगली लागली. लाज सकाळी वाटली.

पंधरा दिवसांनी नाना माझ्या गाया घेऊन आला. गाया त्याच्या जनावरांपेक्षा बऱ्या दिसत होत्या. मी त्याला काही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करता करता एकवीस वर्षं गेली. त्याच्या बागेतली बरीच झाडं त्या साली वाळली. त्या एका पाण्यानं ती वाचली असती असं नाही. पण वाचली नसती असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. पुढं तेल्या रोगानं दोघांच्याही बागा गेल्या, दोघांनी पुन्हा लावल्या, पण माझ्या मनातला तो हिशोब काही पुसला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात माझा थोरला एके सकाळी तावातावानं घरी आला. आमच्या पाळीच्या रात्री नानाच्या पोराच्या बागेत ओल दिसली म्हणे. ‘पाणी चोरतोय त्यो. रक्तच तसलं हाय.’ नानाच्या पोरानं साफ नाकारलं. शब्दाला शब्द लागला, आई-बहीण झाली, एकानं खोरं उचललं. माणसं मधी पडली म्हणून निभावलं. थोरला म्हणाला, आता सामायिक बिमायिक काही नको, फौजदारी करतो. दोन्ही घरची नातवंडं एकाच गाडीवर शाळेला जायची, ती वेगवेगळी जायला लागली.

मला टोचलं ते एका शब्दानं. रक्तच तसलं. कुणाचं रक्त?

आमच्या तालुक्यातल्या नाझऱ्याचे श्रीधरस्वामी. त्यांचा पांडवप्रताप आमच्याकडं श्रावणात वाचतात. पोथीत कर्णाचा प्रसंग आला की आमच्यातली म्हातारी माणसं नेहमी भांडायची. एक म्हणायचा, भाऊ कळल्यावर भावांकडं जायला पाहिजे होतं. दुसरा म्हणायचा, ज्यानं पडत्या काळात हात दिला त्याला सोडायचं कसं? मी लहानपणी दुसऱ्याच्या बाजूचा. दोस्ती मोठी, रक्त बारकं. म्हातारपणी माझ्यावर तसाच प्रसंग आला तेव्हा कळलं की कर्णाचं बरं होतं, त्याला दोन बाजू तरी स्वच्छ दिसत होत्या. माझं तसं नव्हतं. गप्प बसलो तर पोराची बाजू घेतल्यासारखं आणि नानाच्या घरावर चोरीचा शिक्का मारल्यासारखं. बोललो तर पोराची मान खाली आणि नानाच्या काळजात कट्यार. गप्प बसणं आजवर फुकट होतं. आता त्याला किंमत लागली होती आणि ती दुसऱ्याचं पोरगं भरत होतं.

आणखी एक शंका होती. मी सांगणार ते कुणासाठी? नानाला त्याचा काय उपयोग? गेलेलं पाणी परत यायचं नाही. माझं ओझं हलकं करायला मी त्याच्या म्हातारपणावर टाकणार का? सत्य सांगावं हे सगळेच सांगतात. पण सत्य सांगून आपण मोकळे होतो आणि ऐकणारा अडकतो, त्याचं काय करायचं, हे मला कुणी सांगितलेलं नाही.

शेवटी कारभारणीला सांगितलं. वाटलं, ऐकून हबकेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. म्हणाली, ‘मला ठावं हाय.’

‘तुला कुणी सांगितलं?’

‘वहिनींनी. त्याच सालात. मोटरीचा आवाज आला म्हणून त्या बाहेर आल्या, तर चांदण्यात तुमी व्हॉल्व्हपाशी. दुसऱ्या दिवशी माझ्यापाशी येऊन रडल्या. मी पाय धरले त्यांचे.’

मग एकेक गोष्ट उलगडली. दर साली डाळिंबाचा तोडा झाला की पहिली पाटी आमची बायको नानाच्या घरी नेऊन द्यायची. मी समजायचो, माया आहे. वहिनींच्या बाळंतपणाला आलेल्या लेकीला हिनं सव्वा महिना न्हाऊ-माखू घातलं, ते मी समजायचो, शेजारधर्म आहे. तिनं माझं देणं एकवीस वर्षं फेडलं होतं आणि मला त्याची पावतीसुद्धा दिली नव्हती.

‘आवो, मिटलंय ते,’ ती म्हणाली. ‘आमी दोघींनी मिटवलंय. आता कशाला उकरता? तुमची दोस्ती दोस्ती म्हणून गावभर सांगता, ती आमी चुलीवर शिजवलीया.’

खोटं नव्हतं ते. कीर्तनात सुदाम्याची गोष्ट सांगतात तेव्हा सगळे देवाचं आणि सुदाम्याचं कौतुक करतात. पण सुदाम्याला द्वारकेला लावून दिलं कुणी? त्याच्या बायकोनं. शेजारपाजारी जाऊन मूठमूठ पोहे मागून आणले कुणी? तिनंच. कथेत त्या बाईच्या वाट्याला दोन ओळी येतात. रात्री-अपरात्री नाना यायचा, मी जायचो. उठून चूल पेटवणारी दर वेळी कोण होती, याचा विचार आम्ही दोघांनी कधी केला नाही.

तरी मला एक पटेना. पाणी नानाचं होतं. बायकांनी मिटवलं हे खरं, पण ज्याचं गेलं त्याला ठाऊकच नसताना मिटतं का? वहिनींनी मला माफ केलं असेल, तो त्यांचा मोठेपणा. नानाच्या वतीनं त्यांना माफ करता येतं का? मला अजून वाटतं, येत नाही. कारभारणीला वाटतं, घर एक असलं की येतं. यावर आमचं दोघांचं अजून जुळलेलं नाही.

त्या संध्याकाळी मी थोरल्याला घेऊन नानाच्या अंगणात गेलो. त्याला वाटलं, बाप भांडायला चाललाय. नाना बाजेवर बसला होता, गुडघ्याला तेल लावत. त्याचा पोरगाही होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं. साल, रात्र, वेळ, सगळं. लांबण लावली नाही, कारण लांबण लावली की माणूस सबबी सांगायला लागतो.

वहिनी आत निघून गेल्या. नानाचं पोरगं हसलं, मोठ्यानं नाही, पण हसलं. थोरला पाय आपटत बाहेर पडला, त्यानंतर महिनाभर माझ्याशी धड बोलला नाही. नानानं तेलाच्या वाटीत बोट बुडवलं आणि विचारलं, ‘हिला ठावं होतं?’ हिला म्हणजे वहिनींना. मी मान हलवली. त्यावर तो काहीच बोलला नाही. माझ्यापेक्षा त्याला त्याचंच जास्त लागलं असावं. म्हणजे माझं ओझं काढताना मी दुसऱ्याच घरात ठिणगी टाकून आलो होतो.

फौजदारी मात्र झाली नाही. कुठल्या तोंडानं करणार?

अठरा दिवस नाना पारावर आला नाही. मी मोजले. लहानपणी आम्ही भांडलो तरी तिसऱ्या दिवशी एकत्र पोहायला असायचो. मी दोनदा त्याच्या वस्तीच्या वाटेनं निघालो आणि ओढ्यापासून परत फिरलो. सांगायला हिंमत लागली होती, पण नंतर वाट बघायला जास्त लागली.

एकोणिसाव्या दिवशी रात्री तो आला. पाळी आमची होती, लाईट रातपाळीची. हातात काठी, खांद्यावर घोंगडं.

‘मास्तर, किती वाजता चालू केलीवतीस?’

‘साडेअकरा.’

‘अन् बंद?’

‘दोनला.’

‘मंजी अडीच तास.’ त्यानं थोडा वेळ हिशोब केल्यासारखं केलं. ‘ते मला पायजेत. आज.’

मे महिना होता. विहिरीत जेमतेम तीन तासांचं पाणी होतं आणि बहार धरलेला होता. थोरला दारात उभा होता. त्याच्या तोंडावर आलेलं त्यानं गिळलं, हे मला दिसलं. मी बॅटरी घेतली आणि नानाबरोबर निघालो. ओढ्याच्या चढाला त्याला गुडघा साथ देईना, तेव्हा त्यानं काठी डाव्या हातात घेतली आणि उजवा माझ्या खांद्यावर टाकला.

व्हॉल्व्ह त्यानं स्वतः फिरवला. साडेअकराला मोटर चालू केली. आम्ही थारोळ्याच्या कठड्यावर बसलो. बराच वेळ दोघंही गप्प. मग तो बहात्तरच्या त्या बैलाचं बोलायला लागला, त्यांच्या पांढऱ्या बैलाचं. तो डावीकडं ओढायचा आणि आमचा उजवीकडं, त्यामुळं नांगर कसा सरळ चालायचा ते. शंभरदा ऐकलेलं. मी ऐकलं.

दोनला त्यानं मोटर बंद केली. मी म्हणालो, ‘अजून अर्ध्या तासाचं हाय, घे की.’

‘ते तुझं हाय,’ तो म्हणाला आणि व्हॉल्व्ह आमच्या बाजूला फिरवला.

त्याच्या पोरानं आमच्या पाळीत खरंच पाणी घेतलं होतं का, ते मला अजून ठाऊक नाही. मी विचारलं नाही. नातवंडं जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा आठवडाभर वेगळी गेली, मग एका गाडीचं पेट्रोल वाचतं म्हणून पुन्हा एकत्र जायला लागली. या साली तोडा झाला तेव्हा पहिली पाटी मी स्वतः उचलली, तर कारभारीण म्हणाली, ‘ठेवा खाली, ते माझं काम हाय.’