फक्त शर्यतीच्या वापरासाठी

गेले चार महिने माझ्या पलंगाखाली एक खोकं पडून आहे. त्यात स्टेनलेस स्टीलच्या चार नळ्या आहेत, आधी दोनात आणि शेवटी एकात मिसळणाऱ्या. याला हेडर म्हणतात. गाडीच्या सिलिंडरमधून जळका वायू बाहेर पडतो तेव्हा त्याची पहिली गाठ हेडरशी पडते. सायलेन्सर वगैरे मंडळी पुष्कळ मागे. खोक्यावर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिचा मराठीत अर्थ : फक्त शर्यतीच्या वापरासाठी. मी आयुष्यात कधी शर्यतीत उतरलेलो नाही. हा हेडर लावून मी वर्षभर ऑफिसला गेलो, वाणसामान आणलं, आणि रविवारी पहाटे सॅन होजेजवळच्या डोंगरातल्या रस्त्यांवर हिंडलो.

गाडी २०१३ सालची, टोयोटा आणि सुबारूने मिळून बनवलेली. अमेरिकेत ती सायन या नावाने विकली गेली (हो, उच्चार आपल्या शीवचा इंग्रजीत करतात तोच). मी मेकॅनिकलची डिग्री घेऊन सॉफ्टवेअरमध्ये गेलेल्या असंख्यांपैकी एक. त्यामुळे ही सेकंडहँड गाडी म्हणजे न जगलेल्या आयुष्याची थोडी भरपाईही होती.

या गाडीला एक प्रसिद्ध खोड आहे. इंजिन दोन लिटरचं, ताकद २०० अश्वशक्ती, पण मिनिटाला साडेतीन हजार फेऱ्यांच्या आसपास त्याचा जोर ओसरतो आणि साडेचार हजारांच्या पुढे परत येतो. चढावर नेमकं पाऊल टाकावं आणि पायरीच नसावी, तसं वाटतं. हेडर बदलला की हा खड्डा बराचसा भरतो. कारण हेडर म्हणजे नुसती मोरी नव्हे. सिलिंडरचं झडप उघडलं की दाबाची एक लाट नळीतून धावते. नळ्या जिथे एकत्र येतात तिथून तिचं उलटं रूप, कमी दाबाची लाट, परत फिरते. ती नेमकी झडप मिटायच्या आधी पोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेते आणि ताज्या हवेला जागा होते. पोचायची वेळ नळीच्या लांबीवर ठरते. म्हणजे लांबी निवडणं म्हणजे इंजिनाने कुठल्या वेगाला खुलून गावं ते ठरवणं. हे पहिल्यांदा नीट समजलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

मग मी दोन महिने निवड केली. चारही नळ्या सारख्या लांबीच्या की कमी-जास्त? या इंजिनाचे सिलिंडर दोन-दोन असे समोरासमोर आडवे असतात. नळ्या असमान असल्या की ठोके मागेपुढे पोचतात आणि जुन्या सुबारूंचा तो घरघरता आवाज येतो. समान असल्या की आवाज सपाट, पण जोर जास्त. मी समान घेतला, आणि त्याचा मला अभिमान होता. गावाकडे बुलेटची पुंगळी काढून फटफटत जाणाऱ्या पोरांना मी कायम नावं ठेवत आलो. त्यांच्या सायलेन्सरवर पोलिसांनी रोडरोलर फिरवल्याचे व्हिडिओ मी आनंदाने पाहिलेले आहेत. ते आवाजासाठी करतात, मी कार्यक्षमतेसाठी करतो, असा माझा हिशेब होता.

निवडीसाठी मी एक तक्ता केला होता. किंमत, वजन, जोर, आवाज, वेल्डिंगचा दर्जा. शेवटच्या रकान्यात कॅट, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आहे की नाही. या गाडीत पहिला कॅट हेडरमध्येच बसवलेला असतो. ज्याच्यात कॅट, त्याचे मी गुण कापले होते, कारण कॅट वायूला अडवतो. दोन महिन्यांत त्या रकान्याकडे मी एवढ्याच अर्थाने पाहिलं. चुकीची निवड करण्यापेक्षा हे जास्त लागतं : जिथे खरी निवड होती तिथे काही निवडायचं आहे हेच मला दिसलं नाही.

कॅट हेडरमध्ये का असतो, याचं उत्तर मला कॉलेजपासून पाठ होतं. कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन, नायट्रोजनचे ऑक्साइड या सगळ्यांचा निकाल लावणारा हा डबा तापल्याशिवाय कामाला लागत नाही. सर्वांत घाण धूर निघतो तो थंड इंजिन सुरू केल्यावरच्या पहिल्या मिनिटांत. म्हणून डबा इंजिनाला जितका चिकटून, तितका लवकर तापतो. मागे आणखी एक कॅट असतो, पण तो लांब. म्हणजे मी जे काढलं ते नेमकं सकाळी आठ वाजता, उभ्या गाडीत, लागणारं यंत्र होतं.

यावर माझ्याकडे एक बचाव होता आणि तो फालतू नाही. वॉल्टर सिनॉट-आर्मस्ट्राँग या अमेरिकन तत्त्वज्ञाने २००५ साली असा प्रश्न मांडला की छान ऊन पडलेल्या रविवारी मी नुसती मजा म्हणून पेट्रोल पिणारी गाडी फिरवली तर माझं काही नैतिक चुकतं का? त्याने एकेक तत्त्व तपासलं आणि म्हटलं की असं कर्तव्य सिद्ध होत नाही. हवामान बिघडतं ते माझ्या फेरीमुळे नव्हे, उपाय सरकारांनी करायला हवेत. मला हा निबंध आवडतो. तो सोयीचा आहे म्हणून आवडतो का, हे तपासून पाहिलं. थोडा तसाही आहे. पण त्याचा बचाव मला लागू होत नाही, कारण इथे सरकारने उपाय केलेला होता आणि तोच मी पान्याने खोलून ठेवला होता. तिचाकी सायकलचाही संबंध न येणारा माणूस आणि मी, दोघांच्या नावे हवेतला फरक मोजता येणार नाही हे खरं. पण लॉस एंजेलिसच्या धुरक्याचं मूळ शोधणाऱ्या हागेन-स्मिटला १९५०च्या सुमारास जे सापडलं ते हेच होतं : मोठा गुन्हेगार असा कुणी नाही, लाखो छोट्या नळ्या आहेत. (हा मनुष्य त्याआधी अननसाच्या वासावर संशोधन करत होता.)

तरी खरं सांगायचं तर हा सगळा विचार मला नंतर सुचला. आधी आली स्मॉग तपासणी.

कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांना ती दर दोन वर्षांनी करावी लागते. कॉलेजपासूनच्या मित्राला फोन केला. तो म्हणाला, "अरे, तपासणीपुरता जुना लाव, मग परत बदल. सगळे तेच करतात." मी एक शनिवार गाडीखाली घालवला. कंपनीचा हेडर लावला, गाडीच्या संगणकात मूळ प्रोग्रॅम परत चढवला. कॅट नसल्याची तक्रार करणारी, पी०४२० नावाची खूण माझ्या प्रोग्रॅममध्ये बंद केलेली होती. ती पुन्हा जागी झाली. माझ्या गाडीच्या वयाच्या पेट्रोल गाड्यांच्या तपासणीत धूर मोजत नाहीत. खाली डोकावून सगळे भाग जागेवर आहेत ना ते पाहतात, आणि बाकी गाडीच्या संगणकालाच विचारतात. २०२१पासून त्याच्यातला प्रोग्रॅम अस्सल आहे का, तेही पडताळतात. प्रोग्रॅम बदलला की संगणकाच्या स्वतःच्या चाचण्या कोऱ्या होतात, त्या पूर्ण व्हायला गाडी काही दिवस शहाण्यासारखी चालवावी लागते. मी चालवली. पंचवीस मिनिटांत पास झालो.

घरी येताना फोक्सवॅगन आठवली. २०१५ साली ते प्रकरण उघडं पडलं तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. आपली तपासणी चालली आहे हे ओळखून तेवढ्यापुरतं नीट वागणारं सॉफ्टवेअर, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. त्यात गुंतलेल्या जेम्स लियांग या इंजिनिअरला पुढे ४० महिन्यांची कैद झाली. होस्टेलवर आम्ही रात्रभर तावातावाने बोललो होतो की कोड लिहिणाऱ्याला कळत नसेल का आपण काय लिहितोय. त्यांचं सॉफ्टवेअर जे आपोआप करत होतं तेच मी हातांनी केलं होतं, दहा आणि बारा नंबरच्या पान्यांनी. १ कोटी १० लाख आणि एक यांतला फरक धुरात आहे. फसवणुकीत तो कुठे बसवायचा ते मला सापडेना. धूर नगण्य होता तर तपासणाऱ्याला दाखवायला हरकत काय होती?

मी गाडी ज्या शेडमध्ये लावतो तिच्या वर एका व्हिएतनामी आजींच्या झोपायच्या खोलीची खिडकी आहे. वर्षभर मी सकाळी गाडी सुरू केली की ती खिडकी बंद होत असे. त्या कधी काही बोलल्या नाहीत. जिन्यात भेटलो तर हसतात. खिडकी ही गोष्टही मला उशिरा दिसली. आता कंपनीचा हेडर आहे आणि खिडकी बहुतेक दिवस उघडी असते. धुरामुळे बंद होत होती की आवाजामुळे, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालेलं नाही.

साडेतीन हजारांवरचा खड्डा परत आलाय. दर चढावर जाणवतो. त्याची सवय झाली असं म्हणणार नाही.

खोक्याचं मात्र काही ठरत नव्हतं. भंगारात द्यायला जीव होत नव्हता. वेल्डिंग खरोखर सुंदर आहे. शेवटी जाहिरात टाकली. परवा नेवाडातून एकाचा फोन आला. आवाजावरून पोरगाच असावा, बावीस-तेवीसचा. किमतीवर त्याने घासाघीससुद्धा केली नाही. मी विचारलं, गाडी फक्त ट्रॅकवरच चालवतोस ना? "हो, हो, फक्त ट्रॅक," तो म्हणाला, एवढ्या चटकन की मला माझाच आवाज ओळखू आला. शनिवारी येतो म्हणालाय. खोकं अजून पलंगाखालीच आहे आणि आज गुरुवार आहे.